पोळपाटावरचा खेळ

हे प्रकरण मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्यासाठी शोधलेल्या कारणांचंच एक वेगळं पुस्तक होईल. आधी आई होती म्हणून लिहिलं नाही, मग दादा होता म्हणून, मग चष्म्याचा नंबर बदलला म्हणून. याआधीच्या प्रकरणांत माझ्या वहिनींचा उल्लेख तीनदा आला आहे. एकदा त्या चहा देतात, एकदा लग्नाच्या फोटोत उभ्या आहेत आणि एकदा ‘घरची मंडळी’ या दोन शब्दांत त्या कुठेतरी आहेत. कोणाही वाचकाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडच्या आत्मचरित्रांत वहिन्या चहाच देतात. भोरमध्ये व्हिडिओ गेमचं पहिलं दुकान मी काढलं, हे खरं आहे. पण ज्या पोळपाटामुळे त्या दुकानाचं नाव झालं तो मी बनवला, असं जे मी निरनिराळ्या सत्कारांत हार गळ्यात असताना सांगितलं, ते खोटं आहे. तो शालन वहिनींनी बनवला. खोटेपणा तेवढ्यावर थांबला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

लोकांची बालपणं बारा-तेरा वर्षांत आटोपतात. माझं तिशी दारात आली तरी जोरात चालू होतं. मोठा भाऊ एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरी आला की विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत रॉकेल लावून हात धुवायचा, तरी भाताला डिझेलचा वास यायचाच. वडील गेल्यावर घर त्याच्या त्या काळ्या हातांवर चालत होतं आणि मी त्या घरात ‘काहीतरी करणार आहे’ या हुद्द्यावर होतो. स्टँडच्या मागे आमच्या तीन खोल्या, वर पत्रा. दिवसभर गाड्या मागे घेताना कंडक्टरच्या शिट्ट्या, घंटीचे दोन टोले, ‘कापूरहोळ, नसरापूर, स्वारगेट’ ही आरोळी, आणि या सगळ्यातून वाट काढत येणारा आईचा आवाज, “सद्या, उठलास का?” हा प्रश्न ती सकाळी विचारायची, दुपारी विचारायची आणि कधीकधी मी तिच्यासमोर जेवत असतानाही विचारायची.

शालन वहिनींचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याचं. लग्नाआधी चार वर्षं त्या पुण्यात मामाकडे राहून रेडिओच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाईनवर होत्या. तिथे बायकाच घेत, कारण बारीक तारा जोडायला बायकांचे हात लागतात असं साहेब लोकांचं मत होतं. लग्न झालं, कारखाना सुटला. भोरला येताना त्यांच्या पेटीत साड्यांच्या खाली एक चिमटा, एक कटर, सोल्डरच्या तारेचं रीळ आणि लाकडी मुठीची सोल्डरची बंदूक होती. आईने पहिल्या दिवशी ती बंदूक पाहून “केस कुरळे करायचं हाय व्हय?” असं विचारलं होतं. गल्लीतला एखादा रेडिओ बंद पडला की वहिनी चुलीशेजारी पाटावर बसून तो उघडत. उकळणाऱ्या शेंगोळ्यांचा लसणाचा वास आणि तापलेल्या राळेचा वास आमच्या घरात असा मिसळून गेला होता, की आजही कुठे शेंगोळी शिजली की मला एखादी तार जोडली जात असल्यासारखं वाटतं. त्या म्हणायच्या, “काम न्हाई क्येलं की बोटं आखडत्यात, भावजी. पुण्यात कुणी बोलावलं तर मी पहिल्या गाडीनं जाऊन सांजच्याला परत यीन.”

दादाचं यावर एक ठरलेलं म्हणणं होतं. “बोलावणं आलं तर खुशाल जा. म्या काय पाय बांधल्यात व्हय? पर आपणहून कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई.” हे त्याच्या मते फार मोकळं मत होतं, आणि आमच्या नात्यागोत्यात ते खरोखरच मोकळं होतं. सोयरिकीला, बारशाला, तेराव्यालासुद्धा बोलावणं आल्याशिवाय आमच्याकडचं माणूस उंबरा ओलांडत नसे. बोलावणं आलं की मान राहिला, मग अडवायला कुणाचीही छाती नाही. वहिनींना ते मान्य होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली एका बोलावण्यात होती, आणि हे घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला तर होतंच होतं. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

माझ्या ‘काहीतरी’मधून शेवटी व्हिडिओ गेम निघाला. मुंबईहून एका मित्राने आणलेलं खोकं, एक जुना रंगीत टीव्ही आणि पुढची खोली. त्या खोक्यात खोचायच्या कॅसेटवर ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव इन वन’ असं छापलेलं. प्रत्यक्षात खेळ सातच होते. बाकी सगळे त्याच सातांची सोंगं, कुठे आकाश हिरवं, कुठे गाडी उलटीकडून धावते. तरी पहिले कित्येक महिने गिऱ्हाइकं नवा खेळ निघेल या आशेवर शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन बघत. आईला पडद्यावरचं काही दिसत नसे, पण तिला सूर पाठ झाले होते. भाकरी थापताना ती आतून तेच सूर गुणगुणायची, आणि खेळ संपल्याची ती पडती धून वाजली की हातातलं पीठ तसंच ठेवून ओरडायची, “मेला का रं? कोण मेला?” बाहेरून एखादा उत्तर द्यायचा, “मीच मेलो, आजी!” मग ती म्हणायची, “मर की, पर चपला बाहेर काढून मर.”

कॅसेट अडकली की जगभर लोक तिच्यात फुंकर मारायचे म्हणे. आमच्याकडे ते चालत नसे. वहिनींनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं, ‘फुंकू नये’. “थुकी उडती. पितळ काळं पडतं. जेवणाच्या ताटात कुणी फुकतं का?” असं म्हणून त्या कॅसेटचे दात शाळेच्या खोडरबराने घासून द्यायच्या, आणि ती चालायची.

पोळपाटाचा जन्म वेल्ह्याच्या जत्रेतला. टेम्पोत टीव्ही घालून, गादीला बांधून, आम्ही तिकडे तंबू टाकला. सोबत हातात धरायची ती प्लॅस्टिकची चार यंत्रं होती, ज्यांना शहरात रिमोट म्हणत आणि वेल्ह्यात साबण म्हणत. ती कुणा चिनी माणसाने शहरी अंगठ्यांसाठी बनवलेली होती. भातलावणी करणाऱ्या, जत्रेत कुस्ती खेळून आलेल्या मावळी अंगठ्यांचा त्याने विचारच केला नव्हता. खेळात गाडी डावीकडे वळवायची तर आमचा माणूस सगळं अंग डावीकडे टाकायचा, शेजाऱ्याच्या मांडीवर आडवा व्हायचा आणि बटणावर असा दाब द्यायचा जणू बैल चिखलातून काढायचा आहे. दुपारपर्यंत चारही साबण फुटले. मी कपाळाला हात लावून बसलो. वहिनींनी फुटक्या साबणातली, तारा जोडलेली हिरवी पट्टी काढून उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि विचारलं, “दारावरच्या घंटीची बटणं किती मिळतील हितं?”

भोरला परतल्यावर त्यांनी आमचा पोळपाट घेतला. आम्ही भाकरीवाले, पोळपाट सणालाच लागायचा, त्यामुळे तो बिनकामाचा पडून होता. जाड, शिसवी, तीन पायांचा. त्याला खालून कोरून आत ती हिरवी पट्टी आणि तारा बसवल्या, बुडाला स्क्रूंचं झाकण लावलं, वर दारावरच्या घंटीची बटणं बसवली, आणि डावीकडे लाटण्याचा अर्धा तुकडा उभा केला. लाटण्याच्या बुडाला चपट्या सेलमधल्या पितळी पट्ट्या चारी बाजूंनी अशा लावल्या, की दांडा जिकडे कलेल तिकडची पट्टी टेकायची. त्या पोळपाटावर मी लोकांना बुक्क्या मारताना पाहिलं आहे. त्याला काही झालं नाही. उत्रोलीपासून लोक सायकलवर यायचे, ते ‘पोळपाटावर खेळायला’. होळीला आईने पुरण केलं आणि पोळपाट शोधत बाहेर आली, तेव्हा त्यावर दोघांची आळीपाळीने मोटारशर्यत चालली होती. ती दारात हात कमरेवर ठेवून एवढंच म्हणाली, “शालन, आता पोळ्या काय टीव्हीवर लाटू?” त्या वर्षी पुरणपोळ्या शेजारच्या अमीनचाचांच्या घरून आणलेल्या पोळपाटावर लाटल्या, आणि पहिली पोळी त्यांच्याकडे गेली.

मग पुण्याहून प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. टीव्ही गेमच्या व्यापाऱ्यांचं हे पहिलंच प्रदर्शन होतं आणि ते एका मंगल कार्यालयात भरलं होतं, कारण तेव्हा आपल्याकडे चार माणसं एकत्र यायची ती एकतर लग्नाला नाहीतर निवडणुकीला, आणि निवडणूक नव्हती. पोळपाट वाटेत बिघडला तर कोण बघणार म्हणून वहिनीही आल्या. दादाने हरकत घेतली नाही, रीतसर आमंत्रण होतं. कार्यालयाच्या दारावर आदल्या दिवशीच्या वधूवरांची नावं फुलांत तशीच होती. आत जेवणाच्या लांब टेबलांवर खेळ मांडलेले, आणि हॉलभर मठ्ठ्याचा वास. नवरानवरीच्या सिंहासनांवर प्रमुख पाहुणे आणि आयोजक बसले होते. पाहुण्यांनी टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, नारळ टीव्हीच्याच कोपऱ्यावर फोडला, पाणी मागच्या जाळीतून आत गेलं आणि उद्घाटनाचा टीव्ही उद्घाटनातच वारला. मग त्यांनी तरुण पिढी या खेळांमुळे कशी बिघडते आहे यावर पाऊण तास भाषण केलं. सगळ्या व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण एक सांगतो. तिथे प्रत्येक खेळ हातात घेता यायचा. कुणी अडवत नव्हतं. विक्रेता स्वतःच गिऱ्हाइकाशी खेळायचा आणि हरला की चिडायचा. आमच्या टेबलाशी गर्दी झाली ती पोळपाटामुळे. लोक आधी हसले, मग खेळले, मग खाली वाकून तारा बघू लागले. त्यांत एका मोठ्या कंपनीचे इंजिनिअर देवस्थळी होते. पांढरा शर्ट, खिशात चार पेनं, बोलणं मोजकं. त्यांनी पेचकस मागितला आणि पोळपाटाचं खालचं झाकण उघडायला घेतलं. मागच्या खुर्चीवरून वहिनी पटकन बोलल्या, “त्यो न्हाई, आदी मधला काढा.” देवस्थळींनी मधला काढला. आतलं काम बराच वेळ बघितलं. एकेका जोडावरून नख फिरवलं. मग विचारलं, “हे कोणी केलं?”

मला अजून तो क्षण लांबवता येतो. वहिनी माझ्या मागे दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. माझ्या अंगात मावसभावाचा कोट होता, छातीवर ‘मालक’ असा बिल्ला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी चार पेनांचा माणूस माझ्याकडे आदराने बघत होता. मी म्हणालो, “मीच.”

“आमच्याकडे दुरुस्ती केंद्र सुरू होतंय,” देवस्थळी म्हणाले, “पोरापोरींना शिकवायला असा हात पाहिजे. सोमवारी या.” पोळपाट त्यांनी नमुना म्हणून ठेवून घेतला. मी मागे वळलो तेव्हा वहिनी डब्याचं झाकण लावत होत्या. झाकण आधीच लागलेलं होतं. परतीच्या गाडीत कात्रजचा घाट संपला. मग वहिनी म्हणाल्या, “सोमवारी डबा कशाचा देऊ?”

केंद्रात मी अडीच दिवस टिकलो. पहिल्या दिवशी हारतुरे, ओळख, ‘ग्रामीण प्रतिभा’ वगैरे. दुसऱ्या दिवशी मला सोल्डरची बंदूक दिली आणि मी ती चुकीच्या टोकाला धरली. शिकायला आलेल्या पोरींनी माझ्या बोटांवर बर्फ लावला. मी म्हणालो, मला गावाकडच्या हत्याराची सवय आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी देवस्थळींनी मला बोलावून चहा पाजला, त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी स्वारगेटवरून मिळेल ती गाडी पकडली. घरी सांगितलं, हवा मानवली नाही. दादा म्हणाला, “पुण्याची हवा? अडीच दिसात?” आई म्हणाली, “उठलास का, असं इचारायला कुणी नसंल तिथं.” वहिनींनी मात्र माझ्या बोटांवरचे फोड पाहिले, तूप लावलं आणि हळूच, जवळजवळ आनंदाने म्हणाल्या, “म्हंजे कळलं आसंल त्यान्ला. आता इचारतील. बोलावतील.”

पत्र पंधरा दिवसांनी आलं. दुकानाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. देवस्थळींनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, की पोळपाटाचं काम तुमचं नाही हे उघड आहे, त्याबद्दल मनात राग नाही. आधी मधला स्क्रू काढा असं ज्या बाईंनी सांगितलं, त्यांना आम्ही या पत्राने सन्मानाने बोलावत आहोत. जागा त्यांच्यासाठी महिनाभर राखून ठेवली आहे. त्यांनी स्वतः कळवावं.

हेच ते बोलावणं. मी ते दुकानाच्या दारात उभं राहून दोनदा वाचलं. आत वहिनी खोडरबराने कॅसेट घासत होत्या. त्या गेल्या तर दुकान आठ दिवसांत बंद पडेल, हा पहिला विचार. दुसरा असा, की पत्र दाखवलं तर त्यातलं ‘तुमचं नाही हे उघड आहे’ हे वाक्य दादा वाचणार, आई ऐकणार आणि उद्या सगळा स्टँड ऐकणार. मी दुकानाचं कारण पुढे केलं तर ते जरा बरं दिसतं, म्हणून बरीच वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलो. खरं कारण दुसरं होतं. मी पत्र खिशात घातलं, आणि त्याच संध्याकाळी पोस्टात उभ्याउभ्या उत्तर लिहिलं. ‘घरगुती अडचणीमुळे मी येऊ शकत नाही. क्षमस्व.’ खाली वहिनींच्या नावाने सही ठोकली. आयुष्यात क्षमस्व हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा लिहिला, तोही दुसऱ्याच्या नावाने.

“भावजी, त्या सायबांचं काय आलं का?” वहिनींनी तीनदा विचारलं. एकदा तांदूळ निवडताना, एकदा दळणाचा डबा डोक्यावर असताना, आणि एकदा दुकान झाडताना माझ्याकडे न बघता. तिन्ही वेळा मी “नाही” म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. रेडिओ त्या दुरुस्त करत राहिल्या, मग टेपरेकॉर्डर, मग मिक्सर. दुकान आणखी काही वर्षं चाललं, मग शेजारी सायबर कॅफे निघाला, मग मोबाईल आले आणि पुढच्या खोलीत दादाने पिठाची गिरणी टाकली. आईला गिरणीचा आवाज आवडला नाही. “ह्यात मरताना सूर न्हाई,” असं तिचं म्हणणं होतं.

यानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा आमंत्रण आलं, तेव्हा आई आणि दादा दोघंही नव्हते. त्याच धंद्याचं प्रदर्शन, पण आता मंगल कार्यालयात नव्हे, पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात. त्यात ‘जुन्या खेळांचा कोपरा’ होता, आमचा पोळपाट कुणाच्या तरी गोदामात सापडला होता, आणि निर्माता म्हणून माझा सत्कार होता. मी जाणार नव्हतो असं लिहायला मला आवडलं असतं. मी इस्त्रीचे कपडे घालून तयार होतो. वहिनी म्हणाल्या, “म्या बी येती. पोळपाट कुठं गेलाय बगू तरी.”

दारात आमच्या मनगटांना कागदी पट्टे चिकटवले, बाजारात गुरांना बिल्ला मारतात तसे. आत अंधार, धूर आणि छातीत धडकणारा ठोका. पडदे एवढे मोठे की माणूस त्यांच्यासमोर उंदीर. काळ्या बनियनमधली पोरं इंग्रजीत ओरडत होती. खेळाला हात लावायचा नाही, रांगेत उभं राहून खेळाची जाहिरात बघायची, आणि तो खेळ दोन वर्षांनी येणार आहे हे ऐकून किंचाळायचं. जो तयार झालेला नाही त्याच्यासाठी लोक किंचाळत होते, आणि जो कालपरवापर्यंत चालत होता त्याच्यासाठी उसासे टाकत होते. मधलं काही कुणाला नको होतं.

उसाशांची जागा म्हणजे जुना कोपरा. तिथे बैलगाडीचं चाक, कंदील आणि पाचटाचं छप्पर उभं केलं होतं, जसं काही आमचा रंगीत टीव्ही कंदिलावर चालत होता. पंचवीस वर्षांची पोरं ‘काय दिवस होते’ असं म्हणत एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकत होती. एका भिंतीला जुन्या कॅसेटी टांगलेल्या, आणि बालपण आठवण्यासाठी एकेकाने पुढे होऊन त्यांत फुंकर मारायची. वहिनींनी हे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. “समद्यांची थुकी गोळा करत्यात का काय!” शेजारच्या मुलीला त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, की बाळा, फुकू नको, खोडरबर घे. तिने हसून त्यांचा फोटो काढला.

पोळपाट काचेत होता. खाली पितळी पाटीवर माझं नाव. ‘ग्रामीण भारतातील आद्य खेळयंत्र’ असं काहीतरी. वहिनी काचेला नाक टेकून बघत राहिल्या. “डावी पट्टी निघालीया,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, “आधी मधला स्क्रू काढायला लागेल.” देवस्थळी होते. केस गेलेले, पेन एकच. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि वहिनींना हात जोडले.

“बाई, तुम्ही नाही म्हणालात त्याचं मला फार वाईट वाटलं. जागा मी महिन्याऐवजी सहा महिने रिकामी ठेवली होती. वाटलं, अडचण सरेल, तुम्ही याल. तुमचं पत्र अजून आहे माझ्याकडे.”

मी काचेकडे बघत होतो. काचेत आम्ही तिघंही दिसत होतो. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. भाकरी भाजली का बघताना तव्याकडे बघतात तेवढंच.

“व्हय, सायेब,” त्या म्हणाल्या, “तवा अडचण हुती घरात.”

मग मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, आणि मी गेलो. हे मला लिहायलाच हवं. त्या वाक्यानंतरही मी गेलो. शाल घेतली आणि ‘माझ्या या छोट्याशा प्रयत्नाला’ अशी सुरुवात करून बोललो.

परतीची गाडी रिकामीच होती. शिवापूर आलं, तरी मी शालीच्या घडीशी चाळा करत होतो. शेवटी म्हणालो, “वहिनी, ते पत्र...”

“सही कशी केली हुती?” त्यांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं. “मराठीत का इंग्रजीत?”

“मराठीत.”

“मी इंग्रजीत करती. कारखान्यात हजेरीला शिकवली हुती.” मग कापूरहोळ आल्यावर, “तुमाला म्हाईत नसंल.”

पुढे बोलायला मला कापूरहोळपासून भोरपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा होता. मी बोललो नाही. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एकाच छपराखाली राहिलो, त्या मला वेळेवर जेवायला वाढत होत्या, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. काही चांगली जुळलीही होती. जुन्या खेळांवर आता पुण्यात व्याख्यानं होतात, मला बोलावतात, आणि मी तिथे सुंदर बोलतो.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या, त्यातून उठल्या नाहीत. डॉक्टर येऊन गेले होते, शेजारच्या बायका चहाला उठल्या होत्या, दुपारची वेळ होती आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांची शुद्ध पूर्ण होती. बोटं पांघरुणाच्या दशा उलगडून एकेक सरळ करत होती. मी खुर्ची जवळ ओढली.

“वहिनी, मला त्या पत्राबद्दल बोलायचंय.”

बोटं थांबली. त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि वाट बघितली. मला चांगलं आठवतं, त्यांनी वाट बघितली.

“बोला की, भावजी. कुठल्या पत्राबद्दल?”

“लाईटबोर्डाच्या,” मी म्हणालो. “बिल भरून टाकलंय मी.”